बोरिवलीचं रान, गिरगावचा नळ

माझी आजी गिरगावात, मुगभाटातल्या एका चाळीत राहायची. तिच्या मोरीत दोन पिंपं असत. एकात वाडीतल्या विहिरीचं पाणी, धुण्याभांड्याला. दुसऱ्यात नळाचं, प्यायला आणि देवाला. या दुसऱ्या पाण्याला ती ‘विहारचं पाणी’ म्हणे. मला वाटायचं, आजीची जीभ घसरते, ‘विहिरीचं’ म्हणताना ‘विहारचं’ होतं. विहार नावाचा तलाव आहे, तो डोंगरात आहे आणि त्या डोंगरात बिबटे राहतात, हे पुष्कळ नंतर कळलं. शाळेच्या सहलीत आम्हाला बोरिवलीला नेलं होतं. वनराणी या छोट्या रेल्वेत बसलो, पिंजऱ्याच्या गाडीतून सिंह बघितले, डबे खाल्ले, परत आलो. तलाव कोणी दाखवला नाही.

तेव्हापासूनचं हे राहिलेलं काम २०२४ च्या सप्टेंबरात निघालं, तेही कारवी या झुडपाच्या फुलोऱ्याच्या निमित्ताने. बोरिवलीच्या या रानात, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, कारवी २००८ साली फुलली, २०१६ साली फुलली आणि आता आठ वर्षांनी पुन्हा फुलत होती. पुतणी वनस्पतिशास्त्र शिकते. ती म्हणाली, “काका, या वेळी चुकवलंत तर २०३२.” माझ्या वयाच्या माणसाला एवढा हिशोब पुरतो.

अनंत चतुर्दशी होऊन बारा दिवस झाले होते. लालबागच्या रस्त्यांवरचे मांडव उतरले होते, बांबू गाड्यांवर चढत होते, पितृपक्षामुळे सगळीकडे एक सुस्ती होती. रविवारच्या पहाटे मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत आम्ही दादरहून बोरिवली गाडी धरली. माहीम सुटल्यावर खाडीच्या पुलावर नेहमीचा वास आला आणि डब्यातल्या चार जणांनी नेहमीप्रमाणे नाकाला रुमाल लावला. मीही लावला. बोरिवलीला पूर्वेकडे उतरलं की दहा-बारा मिनिटांच्या चालीवर फाटक आहे.

फाटकातून आत गेल्यावर पहिला अर्धा तास हे रान आहे असं वाटतच नाही. शबनम अडकवलेले आजोबा, पळणारी मुलं, हास्यक्लब, काकडीवाल्या. आपल्या शिवाजी पार्कला उचलून डोंगराखाली ठेवल्यासारखं. पण हा नुसता ओटा आहे, घर पुढे आहे. उद्यानाचं क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचं जुनं मुंबई शहर त्यात बसवून वर जागा उरेल. पश्चिमेला बोरिवली-कांदिवली-मालाड, पूर्वेला मुलुंड-भांडुप, उत्तरेला ठाणे. सगळ्यात उंच माथा जांभुळमाळ, साधारण पावणेपाचशे मीटर. सह्याद्रीच्या माणसाला ही उंची किरकोळ वाटेल. पण समुद्रावरून येणारा पावसाळी ढग सह्याद्रीला भेटायच्या आधी याच डोंगरावर टेकतो, आणि पुढची गोष्ट त्या टेकण्याचीच आहे.

आमची पहिली चाल शिलोंड्याच्या पायवाटेची. इथे वाटाड्याशिवाय सोडत नाहीत. आमचा वाटाड्या उद्यानातल्याच एका पाड्यावरचा वारली तरुण, विशीतला. त्याने निघतानाच दोन गोष्टी सांगितल्या: मोबाइल वाजवायचा नाही, आणि पाय कुठे ठेवतो ते बघायचं. दुसऱ्या सूचनेचं कारण वीस मिनिटांत कळलं. वाटेला खेटून एका फांदीवर हिरवागार चापडा वेटोळं करून बसला होता. तो दाखवेपर्यंत मी त्याला पान समजत होतो. चापडा विषारी असला तरी आळशी. दिवसभर एका जागी बसतो आणि बेडूक जवळ यायची वाट पाहतो. आम्ही त्याला मान देऊन वळसा घातला.

सप्टेंबरअखेरचं हे रान हिरव्या रंगाच्या सगळ्या छटा एकदम बाहेर काढतं. इथलं जंगल मुख्यतः पानझडीचं: साग, ऐन, कळंब, बोंडारा, पळस, पांगारा, काटेसावर, मधूनच कांडोळ. कांडोळाची पांढुरकी साल सोलल्यासारखी निघते, चांदण्यात झाड उघडंवाघडं उभं दिसतं, म्हणून त्याला ‘भुत्या’ म्हणतात. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी फुटलेली असते. पुतणीने एका जुन्या खोडावरच्या फुगवट्यावर हात ठेवून सांगितलं, की ऐन खोडात पाणी साठवतो आणि उन्हाळ्यात रानातली माणसं कधीकधी त्याला चीर देऊन ते पितात. वाटेवर आडवी सोनेरी धाग्यांची जाळी लागत होती, प्रत्येकीच्या मधोमध तळहाताएवढी कोळीण. तिच्याच जाळ्यात एका कडेला मुगाएवढा नर जीव मुठीत धरून बसलेला. वाटाड्या वाकून, जाळं न मोडता पलीकडे जायचा. आम्हीही तसंच करायला शिकलो.

शिलोंड्याची वाट दहिसर नदीला धरून जाते. ही नदी याच डोंगरात तुळशी तलावाच्या बाजूला उगम पावते आणि शहरातून वाहत जाऊन मनोरीच्या खाडीला मिळते. खाली बोरिवलीत ती भिंतींमधून जाणारा नाला असते. इथे मात्र काळ्या खडकावरून पायाच्या घोट्याएवढं स्वच्छ पाणी पसरलेलं होतं, आणि त्यात बोटभर मासे. काठावरच्या झाडीतून शीळ ऐकू आली. माणूस गाण्याची चाल आठवायचा प्रयत्न करतो, अर्धी आठवते, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, अगदी तशी. हा शीळकरी कस्तूर. पावसाळ्यात ओढ्याकाठी याचा संसार असतो. त्यानंतर भृंगराज दिसला, शेपटीच्या दोन लांब तारांना टोकाशी पिसाचे झुबके लावलेला. उद्यानात पक्ष्यांच्या अडीचशेहून जास्त जाती नोंदल्या आहेत. आम्हाला त्यातल्या सतरा भेटल्या, आणि त्यातही चार फक्त कानांना.

पक्ष्यांचा विषय निघाला की दक्षिण मुंबईच्या माणसाने थोडं ताठ चालायला हरकत नाही. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयात, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोन मराठी डॉक्टर होते: आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग म्हणजे ज्यांनी १८६७ साली प्रार्थना समाज काढला तेच. गिरगावात बसचा वाहक अजून ज्या नावाने थांबा पुकारतो तो प्रार्थना समाज. पुढे खेतवाडीत वाढलेल्या एका मुलाने पिवळ्या गळ्याची एक चिमणी मारली, ती कुठली म्हणून विचारायला तो याच सोसायटीत गेला आणि त्याचं आयुष्य बदललं. ते सालिम अली. खेतवाडीत आज पीतकंठी चिमणी सापडणार नाही, पण भारतातल्या पक्षी-अभ्यासाची एक मुळी तिथल्या गल्ल्यांमधून निघाली आहे.

वाटेत एका जागी वाटाड्या थांबला. चिखलात पंजाचा ठसा होता. चार बोटं, मागे गादी, नखांच्या खुणा नाहीत. “रात्रीचा आहे. मादी असेल.” पुढे दगडावर वाळलेली विष्ठा, तिच्यात केस. त्याने काटकीने उलटून बघितलं. “कुत्रा.”

बिबट्या आम्हाला दिसला नाही, आणि दिसला नाही हेच इथे रीतीला धरून आहे. २०१५ साली कॅमेरा ट्रॅप लावून केलेल्या मोजणीत या परिसरात ३५ बिबटे आढळले. अलीकडच्या मोजणीत आकडा पन्नाशीच्या पुढे गेला आहे. एवढ्याशा जागेत एवढे बिबटे जगात फार थोड्या ठिकाणी असतील. रानात चितळ, सांबर, भेकर, रानडुक्कर, वानर ही त्यांची शिकार आहेच, पण कडेच्या वस्त्यांमध्ये कचरा आहे, कचऱ्यावर कुत्रे आहेत आणि कुत्र्यांवर बिबटे. २००२ ते २००४ ही वर्षं फार वाईट गेली. माणसांवर हल्ले झाले, लहान मुलं गेली. त्या काळी उपाय एकच माहीत होता, पिंजरा लावा, धरा, दुसरीकडे नेऊन सोडा. विद्या अत्रेय यांच्यासारख्या अभ्यासकांनी जुन्नर भागातल्या कामातून दाखवून दिलं, की हाच उपाय दुखणं वाढवतो. आपली हद्द ओळखणारा बिबट्या माणसाला टाळून जगतो; अनोळखी मुलखात टाकलेला बिबट्या बावरतो आणि तिथे टंटा सुरू होतो. २०११ नंतर वनविभाग, अभ्यासक आणि स्वयंसेवक यांनी पिंजऱ्यांऐवजी वस्त्यांमध्ये जाऊन बोलायला सुरुवात केली: कचरा उचला, अंधारात मुलांना एकटं सोडू नका, दिसला तर घोळका करू नका.

वारल्यांना हे नवं नव्हतं. पाड्याच्या कडेला शेंदूर लावलेला वाघोबा असतो. “वाघोबाला वर्षातून एकदा द्यायचं,” वाटाड्या म्हणाला, “मग तो त्याच्या वाटेने, आम्ही आमच्या.” लालबागमध्ये आम्ही देवाला बोलावतो, दहा दिवस ठेवून घेतो, मग पोचवून येतो. यांचा देव बारा महिने कुंपणाशी फिरत असतो आणि त्याचा मुक्काम हलवायचं कोणाच्या मनात येत नाही.

शिलोंड्याहून परत फाटकाशी आलो आणि तिथून बसने कान्हेरीला. सहा-सात किलोमीटरचा घाटरस्ता आहे. कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. नाव काळं असलं तरी जवळून पाहिला तर दगड करडा, खडबडीत, आत दुसऱ्या दगडांचे तुकडे अडकलेला, कोणी खडी घालून मळल्यासारखा. दख्खनचा पठारी दगड बहुतेक शांतपणे वाहिलेल्या लाव्ह्याचा; मुंबईत मात्र त्या सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या उलथापालथीचे शेवटचे, चिडखोर स्फोट झाले. राख, तुकडे, चिकट लाव्हा यांतून वेगवेगळे दगड तयार झाले. फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासमोर कधी उभे राहिलात तर भिंतीकडे बघा: पिवळसर दगड मालाडचा, करडा कुर्ल्याचा. या डोंगराच्या पायथ्याचे तुकडे आपण काळा घोड्याला रोज बघतो आणि ओळखत नाही.

कान्हेरीत शंभराहून जास्त लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास खोदायला सुरुवात झाली आणि पुढे हजार वर्षं इथे भिक्षूंचा राबता होता. वेरूळ-अजिंठ्याला लोक शिल्पं आणि चित्रं बघायला जातात. इथे तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह आहे, त्याच्या ओसरीत वीस फुटांहून उंच बुद्ध आहेत, एकेचाळिसाव्या लेण्यात अकरा डोक्यांचा अवलोकितेश्वर आहे. पण मला विचाराल तर कान्हेरीची खरी कलाकुसर शिल्पांत नाही, गटारांत आहे. प्रत्येक लेण्याच्या कपाळावर डोंगरात एक चर खोदला आहे. पावसाचं पाणी तो चर अडवतो, बाजूने खाली आणतो आणि ओसरीच्या कडेला खोदलेल्या टाक्यात सोडतो. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटलं आहे. कोणी लेणं दान दिलं, कोणी बाक, कोणी पोढी. दाते कल्याणचे, सोपाऱ्याचे, व्यापारी, कारागीर. आपल्या नावाची पोढी असावी ही त्या काळची हौस. आज आपण नावाची फरशी लावतो.

एका लेण्याच्या भिंतीवर पहलवी लिपीत इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं कोरून ठेवली आहेत. त्याच भिंतींवर नंतरच्या काळातल्या प्रेमवीरांनीही खिळ्याने काम केलं आहे. हजार वर्षं जुनं झालं की असल्या खरडण्याला पुरातत्त्व म्हणतात. त्याआधी पोरांचे कान उपटावेत.

एका पोढीत वाकून बघितलं. पाणी काठोकाठ होतं, थंड, वर एक पिंपळाचं पान. दोन हजार वर्षं हा चर पावसाला टाक्यात आणतो आहे. ज्या डोंगराने भिक्षूंना पाणी पाजलं त्याच डोंगराकडे मुंबईने वळायला १८५० चं दशक उजाडलं. तोवर शहर विहिरी आणि तलावांवर जगत होतं. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दोन टाकी: तलाव गेले, बसथांब्यांना नावं राहिली. १८५४ च्या पाणीटंचाईने सरकारला जाग आली. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेप्रमाणे या डोंगरात मिठी नदीच्या खोऱ्यात बांध घातला गेला. १८५६ ला काम सुरू झालं आणि १८६० ला विहारचं पाणी नळाने शहरात आलं. मुंबईला नळाने मिळालेलं हे पहिलं पाणी. पुढे १८७९ ला तुळशी तलाव पुरा झाला, १८९२ ला दूरच्या तानशाचं पाणी आलं. मलबार हिलवर हँगिंग गार्डनमध्ये आपण फिरतो तेव्हा पायाखाली पाण्याची टाकी असते. माझगावच्या जोसेफ बॅप्टिस्टा उद्यानाखालीही तसंच. आजीच्या काळात तिच्या पिंपात विहार, तानसा, वैतरणा यांची मिसळ येत असणार. नाव मात्र पहिल्या पाण्याचंच राहिलं होतं.

लेण्यांच्या वरच्या पायऱ्या चढून गेलो आणि कारवी लागली. एक-दोन झुडपं असतील अशी माझी कल्पना होती. इथे उतारच्या उतार जांभळा-निळा झालेला. पुरुषभर उंचीची झुडपं, प्रत्येक पेरावर फुलांचे तुरे आणि त्यांवर मधमाश्यांचा असा आवाज, की लांबून यंत्रमाग चालू असल्यासारखा वाटावा. कारवी सात वर्षं नुसती पानं काढते, आठव्या वर्षी सगळी एकदम फुलते, बी धरते आणि मरते. पुढच्या वर्षी पहिल्या पावसाची ओल लागली की वाळलेली बोंडं तड्‌तड् फुटून बी उडतं आणि पावसात नवी पिढी उगवते. मरतानाही तिची मुळं उताराची माती धरून असतात आणि वाळलेल्या काठ्यांच्या कुडाला शेण-मातीचं लिंपण दिलं की पाड्यावरच्या घराची भिंत होते. सगळ्या एकाच वर्षी का फुलतात? पुतणी म्हणाली, एक पटणारं कारण असं, की एकाच वेळी इतकं बी पडलं की खाणारे कितीही आले तरी थोडं उरतंच.

वरून पश्चिमेला इमारती, त्यांच्यापलीकडे खाडी आणि गोराईच्या विपश्यना पगोड्याचा सोनेरी ठिपका. या बाजूला दोन हजार वर्षांपूर्वीचं बुद्धाचं घर, त्या बाजूला आजचं. पूर्वेला झाडांतून पाण्याची एक चकाकी. “तुळशी,” वाटाड्या म्हणाला. पलीकडच्या उताराआड विहार. दोन्ही तलाव त्या वर्षी जुलैतच भरून वाहू लागले होते. तुळशीत पाणी मावतं सुमारे ८०० कोटी लिटर, विहारात जवळजवळ २,७७० कोटी. आजच्या मुंबईच्या तहानेपुढे हा तांब्याभर हिशोब आहे. रोजच्या पुरवठ्यात दोघांचा वाटा शंभरात दोन-तीन. पण या तलावांचं पाणी शहरात येतं म्हणून त्यांच्याभोवतालचं रान तोडू दिलं नाही, आणि त्या रानाच्या आधाराने पुढे राष्ट्रीय उद्यान वाढलं. बिबटे, चापडे, मगरी (हो, दोन्ही तलावांत मगरी आहेत), कारवी हे सगळं गिरगाव-माझगावच्या तहानेने राखून ठेवलेलं आहे. आता याच डोंगराच्या पोटातून ठाणे-बोरिवली आणि गोरेगाव-मुलुंड असे जुळे बोगदे जात आहेत. वर झाडं तशीच राहतील असं सांगतात. डोंगराच्या आत पाणी कुठून कुठे झिरपतं, ते डोंगराला माहीत.

“तुमच्या पाड्यावर पाणी याच तलावाचं?” मी विचारलं.

“नाही काका. तलाव तुमचा. आमची विहीर आहे.”

तो हे तक्रारीच्या सुरात म्हणाला नाही, त्यामुळे मला उत्तरही देता येईना. माझ्या आजीला दोन पिंपं होती, विहिरीचं आणि विहारचं. तलावाच्या शेजारी राहणाऱ्या या पोराकडे एकच आहे.

संध्याकाळी परतीच्या गाडीत खिडकी मिळाली. वांद्रे सुटलं, माहीमच्या आधी खाडीचा पूल आला आणि तो वास आला. लोकांचे रुमाल निघाले. पुलाखाली मिठी होती. विहार भरून सांडला की ते पाणी याच नदीने पवई, साकीनाका, कुर्ला करत इथवर येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा हीच नदी घराघरांत शिरली आणि मुंबईला आठवलं, की आपल्याकडे नदी आहे. डोंगरात जे पाणी घोटाभर आणि थंड, ते इथे येईतो आपण असं करून ठेवलेलं असतं.

पुतणी बॅगेतून रुमाल काढत होती. माझा खिशातच राहिला. पूल तसा लहान आहे, अर्ध्या मिनिटात संपतो. तेवढ्यात मी खाली बघून घेतलं.